फळ्यावर दहा ओळी मावतात, कोणती कविता लिहू?

ड वर्ग | २४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कारंजा तालुक्यातल्या एका गावात मी वाचनालय सांभाळतो. आयडीवरून कळलंच असेल, वाचनालय ड वर्गाचं आहे, म्हणजे शासनाच्या उतरंडीत सगळ्यात खालचं मडकं. एक खोली, चार कपाटं, तीन पेपर, एक पंखा. बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा आणि रस्त्यापलीकडे एसटीचा थांबा.

त्या फळ्यावर सुविचार लिहायची रीत माझ्या आधीपासूनची. 'वाचाल तर वाचाल' इतक्या वेळा लिहून झालंय की पुसल्यावरही खाली दिसत राहतं. मे महिन्यात पुस्तकांची मोजणी केली तेव्हा कवितेची ५३ निघाली. त्यातल्या ४१ पुस्तकांच्या मागची चिठ्ठी कोरी. एकदाही कुणी नेलेली नाहीत. ग्रामगीता यात धरलेली नाही. ती घरोघरी आहे, तिला वाचनालयाची गरज नाही.

तर ९ जूनला सुविचार पुसला आणि 'चाफा बोलेना'ची सुरुवातीची कडवी लिहिली. खाली कवीचं नाव: बी.

पेरणीचे दिवस. पहिला वाचक आला तो खांद्यावर सोयाबीनची थैली घेऊन. बराच वेळ बघत उभा. मला वाटलं, लागली बुवा कविता. तर म्हणतो, "भाऊ, हे कोन्त्या कंपनीचं बी व्हय?"

त्याला सांगितलं, बी हे माणसाचं नाव. नारायण मुरलीधर गुप्ते, जन्म १८७२, आपल्या मलकापूरचे. सरकारी कचेरीत कारकुनी करायचे आणि उरलेल्या वेळात कविता. तो म्हणाला, "कारकुनाले येवढा टाइम भेटे?" आणि गाडी धरायला पळाला.

दुसरी वाचक एक म्हातारी. वाचता येत नाही. थांब्यावरच्या पोराला म्हणाली, काय लिवलं रे, वाच. त्याने अडखळत दोन ओळी वाचल्या आणि पुढचं तिनेच सुरू केलं, चालीत. लताबाईंनी गायलेली चाल, रेडिओवरून आलेली. हे कुणी लिहिलं तिला ठाऊक नव्हतं. कुणीतरी लिहिलेलं असतं हेच ठाऊक नव्हतं. गाणं रेडिओत असतं, तिथंच उगवतं.

तेव्हापासून दर सोमवारी आणि बाजाराच्या गुरुवारी कविता बदलतो. अडचण एकच. अक्षर थांब्यावरून वाचता आलं पाहिजे, म्हणून दहा ओळी मावतात, त्याही आखूड. चांगल्या कवितेचे तुकडे पाडायचा जीव होत नाही. सुचवा. जुनं चालेल, आजचं चालेल, कुठे छापलेलं नसलं तरी चालेल. फक्त उपदेश नको, तो भिंतीत मुरलाय.

मेहकरी | २४ जून, रात्री १०.१५

ना. घ. देशपांडे. 'रानारानांत गेली बाई शीळ'. विचार करायचं कामच नाही. आमच्या मेहकरात वकिली केली जन्मभर. जी. एन. जोशींनी गायली आणि तबकडी महाराष्ट्रभर गेली. पण 'शीळ' नावाचा संग्रह निघाला १९५४ मध्ये. म्हणजे लोकांच्या ओठांवर आधी आणि पुस्तकात नंतर. साहित्य अकादमी मिळाली ती १९८६ ला, 'खूणगाठी'साठी. माझे आजोबा मात्र शेवटपर्यंत त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे. बांधाच्या कज्जातला माणूस कविता करतो हे त्यांना पटायचं नाही.

गाथा_अमरावती | २५ जून, सकाळी ७.०५

ड वर्ग दादा, तुम्ही ज्याला अडचण म्हणताय त्या मापात एका कवीने पुस्तक लिहून ठेवलंय! कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. जन्म १९०१, मूर्तिजापूर. तुमच्या शकुंतला रेल्वेच्या रुळावरचंच गाव. मुक्तछंदासाठी भांडलेला हा माणूस पुढे स्वतःहून दहा ओळींच्या कुंपणात शिरला. प्रकाराचं नावच दशपदी. त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ ची साहित्य अकादमी आहे. तुमच्या ५३ मध्ये बघा बरं.

ड वर्ग | २५ जून, दुपारी १.३०

आहे! दुसऱ्या कपाटात खालच्या फळीवर. काही पानं अजून एकमेकांना जोडलेलीच होती, कापलेली नव्हती. पट्टीने सोडवली. एवढी वर्षं आमच्या गावात होतं आणि त्याचं पोटही कुणी उघडलं नव्हतं. उद्या गुरुवार, बाजार. उद्याच लावतो.

नाव_नको | २५ जून, दुपारी ३.१०

गावात पाऊस नाही अन् हे कविता लावून रायले. चालू द्या.

ड वर्ग | २५ जून, दुपारी ३.२५

@नाव_नको, पाऊस आमच्याकडेही नाही भाऊ. असता तर थांब्यावर वाचायला कोण थांबलं असतं? सगळे वावरात असते.

कपाशीकाठ | २८ जून, रात्री ११.००

धागा चार दिवस वाचतेय. आज नवरा पाण्यावर गेलाय, तर लिहिते.

आमच्या घरी पुस्तकातली कविता नव्हती. पुस्तकच नव्हतं. पण भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी. एका घरून दुसऱ्या घरी, दुसऱ्या घरून तिसऱ्या. सगळ्यात शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून ठरवायचं, फुटाणे की मुरमुरे. खरा जीव त्या डब्यातच. गाणी म्हणजे डब्यापर्यंत पोचायचा रस्ता. म्हणून भराभर म्हणायचो, अर्थ कोण बघतो!

'नंदा भावजया दोघीजणी, घरात नव्हतं तिसरं कोणी, शिंक्यावरचं लोणी खाल्लं कोणी?' हे मी सातव्या वर्षी म्हणत होते. लग्न होऊन इकडे आले, सासूबाईंनी एकदा तुपाचा डबा उघडून माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ही ओळ डोक्यात वाजली. त्या गाण्यात आळ कुणावर येणार हे पहिल्या ओळीतच ठरलेलं आहे. घरात दोघीच, आणि त्यातली एक बाहेरून आलेली. एवढं छोटं, एवढं पक्कं बांधलेलं मी नंतर फार कमी वाचलं.

कॉलेजात महदंबेचे धवळे होते. बाईंनी टिपण दिलं: आद्य कवयित्री, रिद्धपूर, गोविंदप्रभू, महानुभाव पंथ. पाठ केलं, पाच मार्क. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, हे त्या टिपणात नव्हतं. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. माझं माहेर आर्वीकडचं, नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. माझी आई हळदीला जे म्हणायची त्यातसुद्धा रुक्मिणीच यायची. सातशे वर्षांपूर्वीची ती बाई आणि माझी आई एकच काम करत होत्या. मला मात्र एकीचं नाव परीक्षेत लिहायचं होतं आणि दुसरीला, आई आता बस कर ना, पाव्हणे आले, असं म्हणायचं होतं.

दादा, भादव्यात भुलाबाई लावा. पण एकच गाणं लावा आणि पुरं लावा.

गाथा_अमरावती | २९ जून, सकाळी ६.४०

ताई, हे वाचून मी माझ्या शोधनिबंधाचं एक पान फाडणार आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी | २ जुलै, रात्री ११.५०

हिंजवडीत बसून हा धागा वाचतोय. विठ्ठल वाघ अजून कुणी कसे सुचवले नाहीत? 'काया मातीत मातीत तिफन चालते'. १९८१ च्या 'अरे संसार संसार' सिनेमामुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. पेरणीचे दिवस आहेत, याहून ताजी बातमी काय लावणार? फक्त एक विनंती, वऱ्हाडीतच लिहा. 'काया' म्हणजे 'काया'.

ड वर्ग | १० जुलै, रात्री ८.१५

आता ऐका गंमत.

सोमवारी सकाळी सातला तिफन लिहिली. 'काया मातीत' असंच. नऊच्या सुमारास चहा पिऊन परत येतो तर 'काया' वर लाल खडूची काट आणि बाजूला सुबक अक्षरात 'काळ्या'. अक्षर कुणाचं ते गावातल्या कुणीही सांगेल, तीन पिढ्यांच्या वह्यांवर तेच आहे. मी काही बोललो नाही. गुरुजी आहेत, त्यांनीच मला अक्षर शिकवलं.

दुपारी जेवून आलो तर 'काळ्या' पुसलेलं, पुन्हा 'काया'. हे कुणी केलं ते नाही कळलं. खडू नव्हता बहुतेक, चुन्याच्या खड्याने लिहिलं होतं.

संध्याकाळी पाचला पुन्हा लाल 'काळ्या'. मंगळवारी सकाळी 'काया', या वेळी डबल जाड. मंगळवारी दुपारी थांब्यावर दोन गट पडले. कापसाच्या भावावर एवढं भांडण मी या थांब्यावर ऐकलेलं नाही. एक ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून खिडकीतून म्हणाला, "माय म्हणे काया, मास्तर म्हणे काया? नाई ना! मंग मायचं ठेवा." आणि गेला.

ती कविता गुरुवारी बदलायची होती. बदलली नाही.

निवृत्त_मास्तर | १० जुलै, रात्री ९.३०

मी त्या गावचा नाही, पण त्या गुरुजींच्या बाजूने बोलणारं कुणी हवं म्हणून लिहितो. छत्तीस वर्षं शिकवलं. वऱ्हाडी बोलणारी पोरं नोकरीच्या मुलाखतीला गेली की त्यांच्या तोंडातून 'काया', 'डोया', 'मले', 'तुले' निघतं आणि समोरचे हसतात. ते हसू मी पाहिलंय. माझ्यावरही हसलेत. फळा सार्वजनिक आहे, पोरं बघतात. घरात काय बोलायचं ते बोला, पण लिहिताना प्रमाण लिहावं असं आम्ही शिकवलं ते द्वेषाने नव्हे.

गाथा_अमरावती | १० जुलै, रात्री १०.०५

सर, तुमचा मुद्दा समजला. पण ती चूक नाही, नियम आहे. काळा-काया, डोळा-डोया, शाळा-शाया, फळा-फया. इतका नेमाने होणारा बदल चूक कसा असेल? चूक कधी इतकी शिस्तीत वागते का?

पुण्यातला_वऱ्हाडी | १० जुलै, रात्री ११.४०

सर, हसणाऱ्यांसाठी आपण किती दिवस भाषा बदलायची? मी इथे बारा वर्षं बदललीय. आता फोनवर आईशी बोलताना पहिली दोन मिनिटं पुणेरी निघते, ती म्हणते, "कोन बोलून रायला?"

कपाशीकाठ | ११ जुलै, रात्री १०.२०

भांडण चांगलं चाललंय, पण तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. हसणारे बाहेरचेच असतात असं नाही.

आमच्याकडे गणपतीत, शिवजयंतीला कविसंमेलन होतं. वऱ्हाडी कवी उठला की माणसं आधीच हसायला तयार. त्याने 'इचीन' म्हटलं की टाळ्या. यवतमाळच्या शंकर बडेंची पावसाने कहर केल्याची कविता आहे. 'बॅरिस्टर गुलब्या'चा एकपात्री प्रयोग करणारे तेच, मोठा माणूस. त्या कवितेत पूर आलाय आणि गावातला म्हातारा वाहून गेलाय. एका गॅदरिंगमध्ये एका पोराने ती म्हटली. म्हातारा वाहून जाईपर्यंत सभागृह हसत होतं. वाहून गेल्यावरही हसत होतं. शब्द वऱ्हाडी होते ना, म्हणजे विनोदच असणार!

तर सर, मुलाखतीत हसणारा एक, आणि आपलीच बोली ऐकून खुर्चीत रेलून 'आता मजा येणार' म्हणणारे आपण शंभर. म्हणून फळा बरा. फळ्यावर कवी नसतो, त्याचा हावभाव नसतो, माइक नसतो. वाचणाऱ्याला हसायचं की नाही हे स्वतःला ठरवावं लागतं.

निवृत्त_मास्तर | १२ जुलै, सकाळी ६.१५

ताईंचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. माझी आई मला 'डोयाची बाहुली' म्हणायची. मी ते वहीत 'डोळ्याची' असं लिहिलं होतं, तिच्या जाण्यानंतर. आत्ता बघितलं. ते वाक्य तिचं वाटत नाही.

प्रमाणभाषेबद्दलचं माझं मत कायम आहे. पण 'काया' राहू द्या.

धानपट्टा | १५ जुलै, दुपारी २.००

का गा मंडळी, कवितेच्या धाग्यावर नाटकाचं बोललं तर चालते का?

मी वडशाकडचा. देसाईगंज म्हणा हवं तर. दिवाळी झाली, धान निघालं की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, आन् नाटकं सुरू. रात्री दहाला पडदा उघडते आन् पहाटे कोंबडं आरवलं तरी नायिका मरायची बाकी असते. गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे. पूर्वी शंकरपट असला की दिवसा बैल आन् रात्री नाटक. झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री भेटली तेव्हा तुमच्याकडच्या पेपरवाल्यांनी झाडीपट्टी म्हणजे काय ते पहिल्यांदा चौकटीत छापलं.

माझा काका प्रॉम्प्टर होता. आमच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे लपलेला माणूस नव्हे, कंपनीचा कणा. आज या गावात, उद्या त्या गावात, नटाला तालमीला वेळ कुठचा? काका स्टेजच्या पुढ्यात बसून वाक्य सोडायचा. मी लहानपणी त्याच्या शेजारी बसायचो. तो मला सांगे, वाक्य कोणीही वाचते, नट श्वास कुठं घेईल ते प्रॉम्प्टरला माहीत पाहिजे. अर्धं वाक्य द्यायचं, थांबायचं, त्याच्या छातीकडे बघायचं, मग पुढचं.

मी पुढे ग्रेसच्या कविता वाचल्या, 'संध्याकाळच्या कविता'. अर्थ? खोटं कशाला बोलू, अर्ध्याचा लागला नाही. पण श्वास कुठं घ्यायचा ते कळलं. त्या माणसाने ओळ अशी तोडली आहे की छाती आपोआप वर येते. नागपूरचे प्राध्यापक मला दुर्बोध-सुबोध समजावत बसले होते. मी म्हटलं, सर, आमचा काका असता तर एका रात्रीत वाचून दाखवली असती.

आन् नाटक आमच्याकडे सिनेमानंतर आलं असं कोणी समजू नका. 'उत्तररामचरित' लिहिणारा भवभूती आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं सांगते. आमगावजवळ पद्मपूर आहे, बरेच अभ्यासक तेच मानतात. गोंदिया जिल्हा. आमचा माणूस.

दादा, तुम्ही फळ्यावर ओळ कुठं तोडता? थांब्यावरून वाचायचं म्हणता, तर जागा संपली म्हणून तोडू नका. श्वासावर तोडा.

ड वर्ग | १५ जुलै, रात्री ९.००

खरं सांगतो, जागा संपली की तोडत होतो. 'दशपदी' लिहिताना एका ओळीचं शेपूट खालच्या ओळीत गेलं होतं. उद्यापासून दोरीने आखून घेतो.

गाथा_अमरावती | १९ जुलै, रात्री ९.५०

दादा, आखूड म्हणताय तर दोन ओळींचं देते. हाल या सातवाहन राजाची 'गाथासप्तशती', महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, सगळ्या दोन-दोन ओळींच्या. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये मराठीत आणली. राजेराजवाडे कमी, वावरं जास्त. त्यातली एक अशी: कपाशीचं शेत नांगरायचा मुहूर्त आहे, घरची बाई नांगराची पूजा करतेय, आणि तिचे हात थरथरतायत. का? कपाशी उंच झाली की याच शेतात तिला तिच्या मित्राला भेटायला आडोसा मिळणार, हे तिच्या मनात आधीच उगवलंय.

दोन ओळी! त्यात मुहूर्त, नांगर, नवरा (तो गाथेत नाहीच, पण आहे), पुढच्या तीन महिन्यांची कपाशी. प्राकृतातला शब्द 'थरहरन्ति' असा आहे, तोंडाने म्हणून बघा, ओठ थरथरतात.

आणि हे दूरचं नाही. तुमचा जिल्हा वाशिम, म्हणजे जुनं वत्सगुल्म, विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात राजशेखराने गोष्ट रचली आहे: काव्यपुरुष देशोदेशी भटकतो, त्याच्या मागे साहित्यविद्या त्याला वश करायला निघते, आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं ते विदर्भात, वत्सगुल्म नगरात. म्हणजे साहित्याचं सासर तुमच्या एसटीच्या मार्गावर आहे. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाने 'सेतुबंध' हे काव्य प्राकृतात लिहिलं. राजा असून संस्कृत सोडून! मास्तर, ऐकताय ना?

निवृत्त_मास्तर | १९ जुलै, रात्री १०.१०

ऐकतोय. चिमटा पोचला.

मेहकरी | १९ जुलै, रात्री १०.३०

ती कपाशीची गाथा फळ्यावर लावाच. आणि मग गाव सोडायची तयारी ठेवा. 😄

ड वर्ग | २१ जुलै, रात्री ८.४०

लावली. सोप्या मराठीत, चार ओळी करून.

पुरुषांनी वाचली आणि पुढे गेले, बहुतेकांना पूजेचंच काहीतरी वाटलं. निंदणाऱ्या बायका संध्याकाळी वावरातून परत येताना थांबल्या. एकीने मोठ्याने वाचली. क्षणभर शांतता. मग जी हसायला लागली ती सगळी रांग, विळे खाली ठेवून. मी आत बसून रजिस्टर लिहितोय असं दाखवत होतो. एक म्हणाली, "हे कोनी सांगलं वं याले?"

निळी_पाटी | २६ जुलै, दुपारी १२.२०

जय भीम. धाग्यावर इतका वेळ झाला, सुरेश भटांचं नाव कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. अमरावतीचे, १९३२ चा जन्म. गझलेतला शेर स्वतंत्र असतो, दोन ओळीत उभा राहतो, फळ्यासाठी याहून सोयीचं काय? नव्याने लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली. आमच्या गावातल्या तीन पोरांनी तिच्यावरून मतला, काफिया, रदीफ, अलामत ही गझलेची सगळी अंगं शिकून घेतली. एक जण पंक्चर काढतो, तो अलामत चुकली की लगेच पकडतो.

पण मला दुसरंच सांगायचंय. आमच्या विहारात वर्षानुवर्षं 'भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना' म्हणतात. मी बारावीत असेपर्यंत मला वाटायचं हे कुणा जुन्या शाहिराचं असेल. मग भटांचं आहे कळलं. 'रंग माझा वेगळा' लिहिणारा माणूस तोच. मी विहारात सांगितलं तर एक आजोबा म्हणाले, कुणाचं का असंना, आमचं हाय. मला आधी राग आला, कवीचं नाव नको का घ्यायला? आता वाटतं, कवीला याहून मोठी पावती कोणती?

ड वर्ग | २६ जुलै, दुपारी १.००

भाऊ, तुमची वंदना आणि माझी चाफावाली म्हातारी एकाच थांब्यावरची. गुरुवारी शेर लावतो, खाली भटांचं नाव मोठ्या अक्षरात.

सांदवाडी | ३ ऑगस्ट, रात्री १०.४५

सगळं वाचलं. सुंदर आहे. एक तक्रार. बी, अनिल, ना. घ., भट, ग्रेस, हाल. सगळे गेलेले. आज जो माणूस जिवंत आहे आणि लिहितोय त्याचं काय? वाचणाऱ्याला वाटेल कविता म्हणजे फोटोला हार.

वसंत आबाजी डहाके आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, बेलोऱ्यात जन्मलेले. 'चित्रलिपी'ला अकादमी, २०१२ च्या चंद्रपूर संमेलनाचे अध्यक्ष. प्रभा गणोरकर अमरावतीच्या. लोकनाथ यशवंत नागपूरचे. त्यांच्या कविता इतक्या छोट्या की फळ्यावर अर्धी जागा उरेल, आणि त्या उरलेल्या जागेकडे बघत माणूस उभा राहील. साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही लिहितायत. भुजंग मेश्राम गेले, पण 'उलगुलान' आजही आजचं आहे. आदिवासी माणूस मराठी लिहितो तेव्हा त्या मराठीत काय काय शिरतं ते बघायचं तर ते वाचा.

ड वर्ग | ४ ऑगस्ट, रात्री ९.१५

तक्रार मान्य. कारण सांगतो: माझ्या ५३ मध्ये नव्वदनंतरची फक्त सहा आहेत. यादीतून जी येतात ती येतात. आता तुम्ही दिलेली नावं मागणीपत्रात टाकली आहेत. तोवर ज्यांच्याकडे पुस्तकं आहेत त्यांनी एकेक कविता हाताने लिहून पाठवा, फोटो चालेल. कवी हयात असेल तर त्यांना विचारून लावू. रस्त्यावरचा फळा असला तरी विचारलेलं बरं.

लोकनाथ यशवंतांची एक मिळाली होती, लावली. खरंच अर्धी जागा उरली. उरलेल्या जागेत कुणीतरी 'जुना ट्रॅक्टर विकणे आहे' लिहून गेलं.

सांदवाडी | ४ ऑगस्ट, रात्री ९.३०

ट्रॅक्टर गेला का?

ड वर्ग | ४ ऑगस्ट, रात्री ९.३२

दोन फोन आले म्हणे.

कपाशीकाठ | १७ ऑगस्ट, रात्री १०.००

पोळा आला. दादा, या वेळी झडती लावा ना. आमच्याकडे पोरांना झडत्या येईनाशा झाल्यात. तोरणाखाली बैल उभे करतात, डीजे लावतात आणि फोटो काढून घरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोळ्याला आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल रांगेत लागले की एक जण झडती म्हणतो, शेवटी 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' आणि सगळा गाव 'महादेव' म्हणतो. मग दुसरीकडून उत्तर. महादेवाच्या नावाखाली सावकाराला, पाटलाला, सरकारला, कापसाच्या भावाला जे बोलायचं ते बोलून घ्यायचं. एवढी चालू घडामोडींवरची कविता आपल्याकडे दुसरी नाही. सांदवाडी, हे घ्या तुमचं आजचं.

ड वर्ग | २१ ऑगस्ट, रात्री ९.४०

आज खांदेमळणी. वही घेऊन वरच्या आळीतल्या एका बाबांकडे गेलो. ऐंशीच्या पुढे वय, गावात झडतीला त्यांच्या तोडीचं कुणी नाही. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होते. म्हटलं, बाबा, एक नवी झडती सांगा, उद्या फळ्यावर लावतो, सगळे वाचतील.

बाबांनी हात पुसले. वहीकडे पाहिलं. म्हणाले, "येडा झाला का बे? खालच्या आयीचे सकायीच वाचतीन अन् चार वाजेलोक जवाब बनवून आनतीन. मंग मी काय तोंड पायत बसू?"

मी म्हटलं, मग जुनी द्या. तर म्हणाले, "जुनी तं त्याईले पाठ हाये."

मी वही मिटवली. उठताना म्हणाले, "कान घेऊन ये उद्या. पेन नोको आनू."

निवृत्त_मास्तर | २१ ऑगस्ट, रात्री १०.०५

मग उद्या फळा कोरा?

ड वर्ग | २२ ऑगस्ट, सकाळी ७.२०

नाही. आत्ताच लिहून आलो. तीन ओळी झाल्या, श्वासावर तोडल्यात:

आज फया बंद.
झडत्या मारुतीच्या पाराजवळ,
चार वाजता.